कॉमन लिस्प (प्रोग्रामिंगची भाषा): लिस्टवर फिरायचं तर लूप, मॅपकॅन की डू?

देवगडकर: जेटीवरच्या पाण्याच्या उंचीच्या नोंदी आहेत, दर दहा मिनिटांनी एक, साध्या लिस्टमध्ये. त्यातून रोजच्या भरतीचे शेंडे काढायचेत. माझं मत, डोळे मिटून लूप वापरा. 'फॉर (अ ब क) ऑन नोंदी' लिहिलं की लागोपाठचे तीन आकडे हातात येतात, पुढे 'व्हाइल क', म्हणजे तिसरा आकडा मिळतोय तोवरच, मग 'व्हेन' लावून ब दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा मोठा असेल तर 'कलेक्ट ब', म्हणजे तो गोळा कर. संपलं. लूप लिस्पसारखं दिसत नाही म्हणून लोक नाक मुरडतात ते मला अजिबात पटत नाही, 1994 च्या आन्सी स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत आहे ते.

रत्नागिरीवाला: स्टँडर्डमध्ये आहे म्हणून चांगलं असं थोडंच आहे रे. व्हाइलनंतर परत फॉर लिहिलेलं स्टँडर्डमध्ये बसत नाही तरी बरेच कंपायलर चालवून घेतात, आणि मग दुसरीकडे नेलं की बोंब. तुझंच काम मॅपकॅनने बघ, ते प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून आलेल्या लिस्ट जोडतं: नोंदी, तिची सीडीआर (पहिला आकडा सोडून उरलेली) आणि सीडीडीआर (पहिले दोन सोडून) अशा तीन लिस्ट दे, सगळ्यात छोटी संपली की ते आपोआप थांबतं, 'व्हाइल क' लागतच नाही. शेंडा असेल तर (लिस्ट ब), नाहीतर निल, म्हणजे रिकामी लिस्ट.

देवगडकर: आणि कोणी लिस्ट ब ऐवजी कोट केलेली, म्हणजे कोडमध्येच कायमची लिहिलेली लिस्ट परत दिली की? मॅपकॅन तुकडे जागच्या जागी जोडतं, तीच लिस्ट दोनदा आली की गोल फिरत बसेल. नवख्याला हे सापडायला रात्र जाते.

वेंगुर्लेकर: तुम्ही दोघं भांडताय पण दोघांचाही कोड शेंडे गाळतोय. भरती भरली की सुकती लागायच्या आधी पाणी जरा थांबतं, दोन नोंदी सारख्या येतात, मग ब दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा मोठा ठरत नाही. 'पाणी चढतंय का' हे सोबत न्यावंच लागतं. त्याला डू बरं, प्रत्येक व्हेरिएबलची सुरुवात आणि पुढची पायरी एकाच जागी दिसते. फक्त डू मध्ये सगळ्या पायऱ्या जुन्या किमतींवर एकदम चालतात, एकामागून एक हव्या तर डू-स्टार.

रत्नागिरीवाला: मग रिकर्शनच कर ना, फंक्शनने स्वतःलाच बोलवायचं, चढतंय का ते आर्ग्युमेंटमध्ये जाईल.

वेंगुर्लेकर: स्कीम (लिस्पचीच दुसरी बोली) असतं तर केलं असतं, तिथे टेल कॉलची, म्हणजे फंक्शनच्या शेवटच्या कॉलला स्टॅक न वाढण्याची, हमी स्टँडर्डच देतं. कॉमन लिस्प देत नाही. एसबीसीएल हा कंपायलर एरवी करतो, पण डीबगची पातळी वाढवली की नाही, आणि वर्षाच्या नोंदी होतात 52,560, स्टॅक कुठे कोसळेल सांगता येत नाही.

देवगडकर: त्यापेक्षा लागोपाठचे सारखे आकडे आधी एकदाच ठेव, मग माझंच लूप चालतं.

वेंगुर्लेकर: चालेल, पण पाणी किती वेळ थांबलं ते गेलं ना त्यात. खाडीच्या तोंडातून होडी काढायला मला तेच पाहिजे, शेंड्याचा आकडा नंतर. मी डू सोडत नाही.