लवादाचा निवाडा झाला, तरी कोर्टाची पायरी आहेच का?

सिव्हिल कंत्राटदार, पुणे : दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचं प्रकरण बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये चालवणाऱ्या कंपनीने करार संपवल्याची नोटीस दिली. मे २०१७ मध्ये लवादाने, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचमंडळाने, तिला सुमारे २,७८२ कोटी आणि वर व्याज मंजूर केलं. मग हायकोर्टाच्या एकलपीठाने निवाडा कायम केला, २०१९ ला खंडपीठाने उलटवला, २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परत उभा केला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच कोर्टाने क्युरेटिव्ह याचिकेत, म्हणजे स्वतःचा अंतिम निकाल दुरुस्त करायच्या शेवटच्या अर्जात, मोडीत काढला. साडेअकरा वर्षं! लवाद कायद्याचं कलम ३४, म्हणजे निवाडा रद्द करून घ्यायला कोर्टात जायची वाट, लाचखोरी, फसवणूक आणि बाजू मांडू न देणं, एवढ्या तीन कारणांपुरतीच ठेवा.

वकील, नागपूर : साहेब, कंपनीने ज्यावरून करार संपवला, ते मेट्रोमार्गाच्या पुलाचे दोष दुरुस्त झाले की नाही हाच तिथे वाद होता. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र लवादासमोर होतं, ते विचारातच घेतलं नाही. हे कसं चालवून घ्यायचं? देशांतर्गत निवाड्यात उघड बेकायदेशीरपणा असेल तर तो रद्द होतो, हे २०१५ पासून कायद्यातच लिहिलंय. पुरावा नव्याने तोलायला मात्र कोर्टाला मनाई आहे. आणि नुसता अर्ज टाकला की वसुली आपोआप थांबायची, तेही तेव्हाच बंद झालं.

टेम्पोमालकाची बहीण : दादा, भावाच्या कर्जाच्या वादात वित्त कंपनीनेच लवाद नेमला, तोही परराज्यात. आमच्या हाती कागद पडला तो थेट निवाड्याचा. निकालात ज्याचा स्वार्थ, त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सुप्रीम कोर्टानेच सांगितलं. तुमच्या तीन कारणांत आम्ही कुठे बसतो?

सिव्हिल कंत्राटदार, पुणे : ताई, एकतर्फी नेमणूक हे चौथं कारण धरा, माझी चूक झाली. पण वकीलसाहेब, लवादाने स्वतःच्या दोषाने मुदत ओलांडली तर कलम २९अ खाली त्याची फी दरमहा ५ टक्क्यांपर्यंत कापता येते. कलम ३४चा अर्ज नोटिशीपासून एका वर्षात निकाली काढा, असंही कायदा म्हणतो. ते वर्ष उलटलं तर कोणाचं काय कापलं जातं? माझा अर्ज चौथ्या वर्षात आहे आणि मजुरांचे पैसे मी उसने काढून भागवलेत.

वकील, नागपूर : कोणाचंच नाही. या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे.