रिव्हर्बला मराठीत काय म्हणावं? प्रतिध्वनी, निनाद, घुमारा की आस?

परभणीकर:
मंडळी, एक शब्द पाहिजे. मित्रानं एकट्या बासरीचं रेकॉर्डिंग केलंय, तबला नाही तानपुरा नाही काहीच नाही, जुन्या दगडी देवळाच्या मंडपात बसून नुसता संथ आलाप. त्याच्यासोबत चार ओळी मराठीत लिहून द्यायच्यात अन् गाडी इथंच अडकली. फुंक थांबली तरी सूर लगेच मरत नाही, पुढचा सूर लागतो तवर मागचा मंडपात असतोच अन् सावकाश विरत जातो, ह्या विरण्याला रेकॉर्डिंगवाले रिव्हर्ब म्हणतेत. 'प्रतिध्वनी' लिहून बघितलं, नाही पटलं. डोंगराकडं तोंड करून हाळी दिली की तीच हाळी माघारी येते तो प्रतिध्वनी. इथं माघारी यायला सूर कुठं गेलेलाच नसतो. मग काय लिहावं?

नांदेडकर सर:
नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन वेगळे शब्द आहेत, प्रतिध्वनी आणि निनाद. तुम्ही म्हणताय तो निनाद. कानात आवाजाचा ठसा साधारण ०.१ सेकंद टिकतो, त्याच्या आत परतलेला आवाज वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजातच मिसळतो. २२ अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, म्हणजे ०.१ सेकंदात जाऊन येऊन ३४.४ मीटर, म्हणून भिंत किमान १७.२ मीटर लांब असेल तरच स्वच्छ प्रतिध्वनी. मंडपाची भिंत एवढी लांब कुठून असणार. हिंदीच्या पुस्तकात ह्यालाच अनुरणन म्हणतात.

परभणीकर:
सर, परीक्षेत निनाद लिहून मार्क मिळतील पण बासरीला तो लई जड व्हायलाय. निनाद म्हटलं की घंटा, नगारा, नाहीतर 'जयघोषानं आसमंत निनादला' हे पेपरातलं वाक्य. अनुरणन शब्द गोड आहे पण वाचणारा पहिल्यांदा अडखळणार. पडसादाचा तर विचारच नको, ते आता फक्त अधिवेशनात उमटतेत.

बाप्पा बीडवाले:
अहो एवढं काय शोधायलाव, घुमणं म्हणा की! आपल्याकडं रिकाम्या वाड्यात बोललं तर 'आवाज घुमायलाय' म्हणतेत अन् 'वाडा घुमायलाय' पण म्हणतेत, दोन्ही चालतंय. प्रतिध्वनीला हे जमत नाही, तो उमटतो नाहीतर येतो, देऊळ काही प्रतिध्वनत नाही. घुमण्यात आवाज अन् जागा दोघंबी कामाला लागतेत, अन् तुमच्या बासरीत तेच तर चाललंय. पारवे घुमतेत, अंगात आलेलं माणूस घुमतं, कुणी ओरडत नाही, आतल्या आत गोल गोल फिरत राहतं. नामच पाहिजे असंल तर घुमारा हायच.

लातूरची लेक:
घुमट पण त्यातूनच आलाय ना? घुमतो तो घुमट?

नांदेडकर सर:
नाही ताई, घुमट फारसीतल्या गुंबदवरून आलाय. पण मराठी कानाला घुमण्याची जोड इतकी सहज लागते की विजापूरच्या गोलघुमटात जाऊन आलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही. गोव्यात तर मडक्याला कातडं ताणून केलेल्या वाद्याचंच नाव घुमट आहे.

सतारवाला, संभाजीनगर:
घुमारा शब्द चांगलाय पण आमच्या कामात तो डग्ग्याचा. घुमारा म्हटलं की खर्जातला भरीव आवाजच कानात येतो. बासरीचा सूर पातळ, वर चढणारा, त्याला घुमारा म्हटलं तर चुकीचं वाद्य डोळ्यासमोर येतंय. वाजवणाऱ्यांचा रोजचा शब्द घ्या, आस. तार छेडली की सूर जेवढा वेळ टिकून राहतो ती त्या तारेची आस, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घासणी, नीट लागली की आस लांबते. तबल्याला पण आस असते. बासरीला मात्र स्वतःची आस नाहीच, फुंक संपली की सूर तिथंच संपला, म्हणून तर बासरीवाला दमसासाचा एवढा रियाज करतो. दगडी मंडपात बसल्यावर ही उणीव जागा भरून काढते, आस वाद्याची नसते, जागेची असते. 'मंडपानं बासरीला आस दिली' असं लिहा, मराठीपण आहे अन् वाजवणाऱ्यालाही नेमकं कळतं.

अजून एक सांगतो, अशा ठिकाणी काय वाजवायचं ते पण ह्या आसेवरच ठरतं. मागचा सूर विरायच्या आधी पुढचा आला की दोघं एकदम ऐकू येतात. भूप रागात सा रे ग प ध, कुठलेच दोन सूर अर्ध्या अंतरावर, म्हणजे अगदी खेटून, नाहीत, एकावर एक पडले तरी टोचत नाहीत. तोडी रागात सा अन् कोमल रे एकमेकाला चिकटून, तिथं नुसता कालवा होतो. अन् द्रुत ताना तर विसराच, सगळा चिखल. अमेरिकेचा पॉल हॉर्न, त्यानं १९६८ ला ताजमहालात घुमटाखाली उभं राहून एकट्यानं बासरी वाजवली अन् १९७६ ला इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडमधी, ती ऐका. सूर सोडतो अन् थांबतो, आस पुरती ऐकून मग पुढं जातो. वेळ निम्मा त्याचा, निम्मा त्या इमारतीचा.

लातूरची लेक:
आपल्याकडं वेरूळचं दहा नंबरचं लेणं आहे की, सुताराची झोपडी. वरच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात. तिथं नुसतं 'बुद्धं शरणं' म्हटलं तरी अंगावर काटा येतो. बासरी तिथंच रेकॉर्ड करायला पाहिजे.

नांदेडकर सर:
ते लेणं ह्या चर्चेत चपखल बसतं. रुंदी ढोबळमानाने १३ मीटर, उंची १० च्या आसपास, म्हणजे दोन्ही १७.२ च्या आतच, बाजूनं किंवा वरून आलेला आवाज सुटा ऐकू येणार नाही, मिसळूनच येणार. रेकॉर्डिंगला मात्र पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, अन् पर्यटकांच्या गर्दीत ते जमायचं नाही, कारण माणसं आवाज शोषतात. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन ह्यांनी १८९० च्या दशकात रात्रीच्या शांततेत एका व्याख्यानगृहात नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या नेऊन टाकल्या अन् गाद्या वाढवल्या की आवाज किती लवकर विरतो ते मोजलं. शोषणाचं माप त्यांनी उघड्या खिडकीवरून धरलं, खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही म्हणून. आपल्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, त्यामुळंच लेण्याएवढं घुमत नाही. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव बघायला कितीही देखणी असली तरी वरचं अख्खं आभाळ म्हणजे एक उघडी खिडकीच.

साउंडवाला:
आमच्या धंद्यात एकच शब्द, इको. सप्त्यात महाराज म्हणतेत 'माईकचा इको वाढव रे', अन् आम्ही जे वाढवतो ते खरं तर शब्द परत परत म्हणून दाखवणारं बटण असतंय, दगडी देवळासारखं विरणारं नाही. त्यामुळं भजन बरं लागतं अन् कीर्तनातला एक शब्द कळत नाही. परभणीकर, तुम्ही काही लिहा, इको तेवढा लिहू नका.

परभणीकर:
ठरलं तर. नाम म्हणून 'आस', क्रियापद म्हणून 'घुमणं'. आस म्हणजे वाचणाऱ्याला आधी इच्छा-आशावाली आस आठवंल, म्हणून पहिल्यांदा 'सुराची आस' असं पूर्ण लिहितो अन् मग नुसतं आस. सतारवाले, एक सांगा, तुमच्यात आस 'लांबते' म्हणतेत की 'वाढते'? अन् विरली की 'तुटली' म्हणायचं का?

सतारवाला, संभाजीनगर:
लांबते, वाढते दोन्ही चालतं. तुटली म्हणजे मधेच कुणीतरी तारेवर हात ठेवला. आपोआप गेली तर 'संपली', नाहीतर नुसतं 'विरली'. तुमच्या रेकॉर्डिंगला विरली.