गणित कच्चं आहे, कन्सल्टिंगमध्ये जमेल का?

प्रश्न: मला मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या कामात जायचंय, अगदी मनापासून. लोकांशी बोलणं, प्रॉब्लेमच्या मुळाशी जाणं जमतं, पण आकडे आले की डोकंच चालत नाही. केस इंटरव्ह्यूत (एखाद्या कंपनीचा प्रॉब्लेम तिथल्या तिथे सोडवायला लावतात ती मुलाखत) कॅल्क्युलेटरही देत नाहीत म्हणे. नाद सोडू का?

उत्तर १: अजिबात सोडू नका. तिथे कॅल्क्युलस कोणी विचारत नाही, टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा होईल तो टप्पा), म्हणजे शाळेतलंच गणित, फक्त ते समोरच्याशी बोलत बोलत करावं लागतं आणि खरी अडचण तीच आहे. १८ टक्के काढायचे तर आधी २० टक्के काढा, मग २ टक्के वजा करा. एखादी रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे हवं असेल तर ७२ ला वाढीच्या दराने भागा, ८ टक्क्यांना साधारण ९ वर्षं. रोज थोडं करा, पण मोठ्याने बोलून.

उत्तर २: आणि शून्यं सांभाळा!! १० लाख म्हणजे १ मिलियन, इथेच गोंधळ होऊन बरोबर पद्धतीची उत्तरं दहापट चुकतात.

उत्तर ३: एचआर किंवा चेंज मॅनेजमेंट (कंपनीतले बदल लोकांच्या पचनी पाडणं) कन्सल्टिंगही बघा, आकडेमोड त्यामानाने कमी असते. पूर्ण सुटका नाही हं, क्लायंटसमोर तक्ता वाचून त्याचा अर्थ सांगता यायलाच हवा.