मॅमोग्राफीत कॅल्शियमचे कण, सोनोग्राफी नॉर्मल. बायोप्सी कोणती करायची?

केतकी_ऐरोली

वहिनींचं वय 47, हाताला गाठ लागत नाही. मॅमोग्राफीत डाव्या स्तनाच्या वरच्या, बाहेरच्या भागात 9 मिमी जागेत मायक्रोकॅल्सिफिकेशनचा (कॅल्शियमच्या बारीक कणांचा) पुंजका आहे. कण धूसर, आकार धड न कळणारे. बायरॅड्स (मॅमोग्राफीतल्या संशयाची श्रेणी) 4बी. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. एका ठिकाणी एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) सुचवलीय, दुसरीकडे सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू म्हणतात. दोन्ही पटत नाही. ठाणे-नवी मुंबईत सेंटरला फोन करून नेमकं काय विचारावं? रक्त पातळ करायची गोळी (क्लोपिडोग्रेल) चालू आहे. आणि त्यांच्या 41 वर्षांच्या बहिणीला काही तक्रार नाही, तिनेही मॅमोग्राफी करावी का?

समीर_रेडिओ

सहा महिने थांबणं बायरॅड्स 3 साठी असतं, कारण तिथे कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांपेक्षा जास्त नसते. 4बी म्हणजे 10 ते 50 टक्के. इथे बायोप्सीच हवी.

एफएनएसी नको. बारीक सुईने सुट्या पेशी येतात, ऊतीची रचना येत नाही. त्यामुळे रोग दुग्धनलिकेच्या आतच आहे (डीसीआयएस) की भिंत फोडून बाहेर पडलाय, हे त्यावरून ठरत नाही. कणांचे पुंजके बऱ्याचदा डीसीआयएसचेच निघतात, म्हणजे जो प्रश्न सोडवायचा तोच शिल्लक राहतो. शिवाय सोनोग्राफीत जागाच दिसत नसेल तर सुई घालणार कुठे?

फोनवर एवढंच विचारा: 'मॅमोग्राफीखाली स्टिरिओटॅक्टिक व्हॅक्यूम बायोप्सी (फोटोंवरून नेमकी जागा धरून, ओढून घेणाऱ्या जाड सुईने तुकडे काढणं) होते का? काढलेल्या तुकड्यांचा एक्स-रे काढता का? क्लिप (जागेची धातूची खूण) ठेवता का?' तिन्हींना हो आलं तरच पुढचं बोला. नुसतं 'बायोप्सी होते' म्हणाले तर ती बहुधा सोनोग्राफीखालची असते, तिचा इथे उपयोग नाही. बायोप्सीआधी मॅग्निफिकेशन व्ह्यू (त्या जागेचे मोठे करून घेतलेले फोटो) झालेत का तेही पाहा. राहिले असतील तर आधी ते.

प्रक्रिया अशी: स्तन दाबून धरतात, दोन तिरक्या कोनांतून फोटो घेतात आणि त्यावरून यंत्र खोली काढतं. जागेवर भूल देऊन त्वचेला 3-4 मिमी छेद देतात, 9 ते 11 गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) सुई आत जाते आणि सहा ते बारा तुकडे निघतात. ते लगेच एक्स-रेखाली धरतात. त्यात कॅल्शियम दिसलं नाही तर नमुना चुकला, तेव्हाच आणखी घ्यायचा. पुंजका पूर्ण निघून गेला तर पुढे शस्त्रक्रियेला जागा सापडावी म्हणून छोटी धातूची क्लिप आत ठेवतात. नंतर 10-15 मिनिटं घट्ट दाब, आठवडाभर काळानिळा डाग.

गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ती बंद करणं रक्तस्रावापेक्षा महागात पडतं. ज्यांनी गोळी दिली त्यांना आणि बायोप्सी करणाऱ्यांना, दोघांनाही आधी विचारा.

पॅथॉलॉजी_टेबलावरून

पुढची गडबड लॅबमध्ये होते, म्हणून लिहितो. तुकडे सलाइनमध्ये ठेवू नयेत. तासाभराच्या आत 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये जायला हवेत आणि त्यात 6 ते 72 तास राहायला हवेत. हे चुकलं तर नंतरच्या ईआर, पीआर, हर2 (कोणतं औषध चालेल हे ठरवणाऱ्या) तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. एक्स-रेत कॅल्शियम दिसलेले तुकडे वेगळ्या डबीत, बाकीचे वेगळ्या. फॉर्मवर 'मायक्रोकॅल्सिफिकेशन' आणि बायरॅड्स दोन्ही लिहून घ्या, नाहीतर काच (सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड) पाहणाऱ्याला काय शोधायचंय तेच कळत नाही.

रिपोर्टमध्ये 'कॅल्सिफिकेशन आढळले' हे वाक्य शोधा. नसेल तर 'कर्करोग नाही' या निष्कर्षावर घरी जाऊ नका. ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) आणखी खोल काप घ्यायला सांगा. कणांचा एक प्रकार, कॅल्शियम ऑक्झलेट, साध्या प्रकाशात निसटतं, ध्रुवित प्रकाशात दिसतं.

निदान 'अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया' (नलिकेत विचित्र दिसणाऱ्या पेशींची वाढ) आलं तर त्याला साधं समजू नका. बहुतेकदा तो भाग शस्त्रक्रियेने काढून तपासावा लागतो, कारण शेजारीच डीसीआयएस असू शकतं. कर्करोग निघाला आणि हर2 '2+' आला, तर तो उत्तर नव्हे, संदिग्ध निकाल आहे. फिश (हर2 जनुकाच्या प्रती मोजणारी) तपासणी करावी लागते. काचा आणि मेणाचे ब्लॉक रुग्णाचे आहेत, दुसऱ्या मतासाठी मागून घ्या. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक (कर्करोग उपचार-संशोधन केंद्र) आहे, ऐरोलीहून पनवेल लोकलने थेट जाता येतं. जाताना मॅमोग्राफीच्या मूळ प्रतिमा सीडीवर न्या, नुसता कागद नको.

केतकी_ऐरोली

खूप आभार. सुईने रोग पसरतो असं सासूबाई म्हणतात, त्यांना काय सांगू?

समीर_रेडिओ

सुईमुळे आजार वाढल्याचा किंवा आयुष्य घटल्याचा पुरावा नाही, हे स्पष्ट सांगा. त्या भीतीपोटी निदानाशिवाय थेट गाठ कापून काढली, तर कडेला रोग शिल्लक राहून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. तो तोटा मात्र खरा आहे.

अनघा_कळवा

बहिणीबद्दल. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयात दर 5 वर्षांनी प्रशिक्षित हातांनी तपासणी आहे. मुंबईत टाटाच्या दीड लाख स्त्रियांच्या चाचणीत (वय 35 ते 64) आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांत तसं दिसलं नाही. म्हणून 41 व्या वर्षी फायदा-तोटा तोलूनच ठरवावं. अमेरिकेची 2024 ची शिफारस 40 पासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची आहे, पण तरुण स्तन दाट (ग्रंथींचा भाग जास्त) असतो, गाठ झाकली जाते आणि उगाच पुन्हा बोलावणंही जास्त होतं. करायचीच तर पाळी संपल्यावरच्या आठवड्यात, आणि त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर नको, ते कॅल्शियमसारखं उमटतं.

मात्र वहिनींच्या बायोप्सीत कर्करोग निघाला तर हे गणित बदलतं, ती सख्खी बहीण आहे. तेव्हा कुटुंबाचा इतिहास घेऊन जनुकीय समुपदेशन करून घ्या, विशेषतः आई, मावशी, आजी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर. आणि तिच्या हाताला गाठ लागली किंवा स्तनाग्रातून रक्ताळ स्राव आला, तर मॅमोग्राफी नॉर्मल असली तरी तपास तिथे थांबवू नका.