लेक मांगा कॉमिक्समध्ये बुडालीये, काय करू?

लेक नववीत. दिवाळीपासून 'वन पीस'चं वेड लागलंय, जपानी मांगा, उजवीकडून डावीकडे वाचायचं. १९९७ पासून चालूच आहे, शंभराच्या वर खंड झालेत म्हणजे संपायचं नावच नाही! जेवताना तेच, वहीत समुद्री चाचे, काढून घेतलं की दोन दिवस अबोला.

— अगं वाचतेय ना, रील्स तर नाही बघत? आम्ही गणिताच्या पुस्तकात फास्टर फेणे लपवून वाचायचो, फुरसुंगीचा बन्या, आईचे धपाटे खाल्ले तरी सुटला नाही. जप्त नको करूस, मग मोबाइलवर चोरीचे स्कॅन शोधतात आणि तिथल्या जाहिराती... विचारूच नकोस.

— वाचू दे हो, पण झोपेचं काय? आमचे चिरंजीव रात्री २ पर्यंत जागून शाळेत पेंगायचे. आता १० वाजता पुस्तक हॉलमध्ये. पहिला आठवडा जाम कटकट झाली.

— तू पण एक खंड वाच की. मी उलट्या बाजूने सुरू केला, लेक पोट धरून हसली, पण त्यानंतर आपणहून गोष्ट सांगायला लागली.

— तुमचं ऐकून काल लेकीकडे पहिला खंड मागितला. "आधी हात धुऊन ये" म्हणाली!!