पोटॅशियम जास्त म्हणून केळ्याचं वाण सरस? आधी पाणी वजा करा

तागडी: काल रानवाटा यांनी तक्ता टाकला. १०० ग्रॅम प्लांटेनमध्ये (शिजवून खायचं पिठूळ केळं) पोटॅशियम सुमारे ४९० मिलिग्रॅम, कॅव्हेंडिशमध्ये (बाजारातलं नेहमीचं गोड केळं) ३६०, म्हणून कॅव्हेंडिश 'निकृष्ट'. अहो, कॅव्हेंडिशच्या गरात ७५ टक्के पाणी, प्लांटेनच्या गरात ६५. उरलेल्या कोरड्या भागावर हिशोब करा, दोन्हीकडे १.४ टक्केच येतं. यात वाणाचा गुण कुठला?

रानवाटा: माणूस केळं खातो, त्याची भुकटी नाही! तेवढ्याच वजनात जास्त मिळतं ते जास्तच. मॅग्नेशियमही ३६ विरुद्ध २७ आहे.

तागडी: तोच भागाकार तिथेही करा. फरक उरत नाही.

थोरली: वाण सोडा, लोहाचं बोला. बहिणीचं हिमोग्लोबिन ८ वर आलं, तेव्हा 'केळ्यात लोह असतं' म्हणून दोन महिने नुसती केळी खाऊ घातली. १०० ग्रॅममध्ये पाव मिलिग्रॅम! शेवटी गोळ्यांनीच भरून आलं. ते दोन महिने फुकट गेले, याचा राग अजून जात नाही.

निशिगंध: आणि पोटॅशियम जास्त म्हणजे चांगलंच, हे कुणी ठरवलं? वडिलांची किडनी अधू. असाच एक तक्ता वाचून आम्ही त्यांना रोज तीन केळी दिली. रक्तातलं पोटॅशियम ६.८ वर गेलं, रात्रीतून दवाखाना गाठावा लागला.

रानवाटा: वाईट झालं. पण उकडून दिलं तर उतरतं ना?

निशिगंध: सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकलं तर बरंच उतरतं. सालासकट वाफवलं तर नाही. हे अर्धवट सांगू नका, इथे जिवाशी गाठ असते.

थोरली: पिकल्यावर पोटॅशियम वाढतं म्हणतात?

तागडी: पिकताना पिठाची साखर होते. पोटॅशियम हे मूलद्रव्य, ते फळात नव्याने तयार होत नाही.

रानवाटा: ठीक, 'निकृष्ट' मागे घेतो. पण तुम्हीही दोनच वाणांवरून सगळ्यांचा निकाल लावलात. एकाच मातीत, सारख्या खतावर वाढवलेल्या वाणांची मापं दाखवा. तोवर 'फरक नसतोच' मी मानणार नाही.

तागडी: मातीचं मान्य. माझा आक्षेप त्या दोन आकड्यांपुरता धरा.

निशिगंध: तक्ता ठेवणार असाल तर किडनीचा इशारा वरच लिहा. खाली कुणी वाचत नाही, आम्हीही वाचला नव्हता.