मदत हवी आहे: लेकीला इलेक्टोरल कॉलेजच्या बाजूने बोलायचंय, मुद्दे सुचवा

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक अकरावीत आहे आणि पुढच्या गुरुवारी शाळेत तिचा वादविवाद आहे: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष इलेक्टोरल मतांनी निवडावा की देशभरातल्या एकूण मतांनी? (इलेक्टोरल मतं म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याची ठरावीक मतं; बहुतेक राज्यांत ती सगळी तिथे जिंकणाऱ्यालाच मिळतात. या पद्धतीला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात.) चिठ्ठीत तिच्या वाट्याला इलेक्टोरल कॉलेजची बाजू आली. माझं मत नेमकं उलट. तिला मदत करायला बसते आणि मीच तिच्याशी भांडायला लागते. काल ती वैतागून उठून गेली, म्हणून इथे विचारतेय.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना जवळजवळ २९ लाख मतं जास्त मिळूनही ट्रम्प निवडून आले. २००० मध्ये अल गोर यांचंही तेच झालं. शिवाय न्यू जर्सीचा निकाल आधीच ठरलेला. १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅट, आमची १४ च्या १४ मतं एकाच पारड्यात. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात, जिथे चुरस असते, नणंद राहते. निवडणूक आली की तिच्या दारावर सारखं कुणीतरी उभं असतं, आमच्याकडे कुणी फिरकत नाही. मत देऊन येताना हे मला दर वेळी खुपतं.

आता तिचे मुद्दे. पहिला अर्थातच लहान राज्यांचा. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि मतं ३. कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या जवळ आणि मतं ५४. म्हणजे वायोमिंगच्या एका माणसाचं वजन कॅलिफोर्नियाच्या जवळपास चौघांएवढं. पण एवढं करून प्रचाराला वायोमिंगला जातं कोण? समोरचे हे विचारणारच, आणि आम्हा दोघींकडे उत्तर नाही.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र मलाही विचारात पाडलं. २००० मध्ये सगळं फ्लोरिडाच्या ५३७ मतांवर अडलं होतं. भांडण कोर्टात गेलं, पण ते एका राज्यापुरतं राहिलं. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्यात देशभरात मिळून सव्वा लाखाचाही फरक नव्हता. एकूण मतांवर निकाल असता तर फेरमोजणी पन्नासही राज्यांत करावी लागली असती. आणि इथे आपल्यासारखा देशभरच्या निवडणुका घेणारा निवडणूक आयोग नाही. मतदार याद्या, मुदती, मोजणी, सगळं राज्याराज्यांचं वेगळं. तिचा हा मुद्दा आणखी भक्कम कसा करता येईल?

तिला भारताच्या राष्ट्रपतींचं उदाहरणही द्यायचंय. मी अडवलं. आपल्याकडे आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरतं: महाराष्ट्रात १७५, सिक्कीममध्ये ७. लहान राज्याला झुकतं माप नाहीच, शिवाय खरी सत्ता पंतप्रधानांकडे. हे अंगाशी येईल ना? त्यापेक्षा लोकसभा बरी का? तिथेही देशभरातली टक्केवारी नाही, जागाच मोजतात.

आणखी एक. आपली इलेक्टोरल मतं देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्यालाच द्यायची, असा काही राज्यांचा करार आहे. करारातल्या राज्यांची मतं मिळून २७० (म्हणजे बहुमत) झाली की तो लागू होईल. न्यू जर्सी त्यात २००८ पासून आहे. "तुमच्याच राज्याला ही पद्धत नकोय" असं कुणी म्हणालं, तर तिने काय म्हणावं?

ती मराठी वाचते, उत्तरं तीच वाचणार आहे. बुधवार रात्रीपर्यंत लिहिलंत तर उपयोग होईल.